विचारांच्या इतिहासाची पद्धती आणि लोणारचे विवर : एक चिकित्सा

विचारांचा इतिहास ही अभ्यासशाखा विसाव्या शतकात विद्यापीठीय पातळीवर स्थिरावली. आर्थर लव्हजॉय यांनी सहकाऱ्यांसह १९२३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या विषयाचे अभ्यासमंडळ स्थापन केले. एखादी मूलकल्पना निरनिराळ्या कालखंडांतून आणि ज्ञानक्षेत्रांतून कशी प्रवास करते, याचा मागोवा घेणे हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होय. ही पद्धती लोणारच्या विवराला लावून पाहिल्यास तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

लोणारविषयी तीन प्रमुख कल्पना आढळतात. पुराणकथेनुसार येथे लवणासुराचे वास्तव्य होते व विष्णूने त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदन मंदिर या श्रद्धेचे प्रतीक आहे. पुढे भूवैज्ञानिकांनी विवराचा संबंध ज्वालामुखीशी जोडला. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील शोधनिबंधाने मॅस्केलिनाइटसारख्या पुराव्यांच्या आधारे ते बेसाल्ट खडकातील आघातविवर असल्याचे दाखवून दिले.

मूलकल्पनेचा धागा शोधणाऱ्याला येथे लवणासुराच्या कथेत उल्कापाताची स्मृती पाहण्याचा मोह होतो. मात्र २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनानुसार विवराचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे. आधुनिक मानवाच्या उदयापूर्वीच्या घटनेची स्मृती कथेत टिकणे संभवत नाही. क्वेंटिन स्किनर यांनी १९६९ मध्ये घेतलेला आक्षेप येथे उपयुक्त ठरतो : कोणताही विचार समजून घेताना तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडला गेला, हे पाहिले पाहिजे. लवणासुराच्या नावातच मीठ आहे. कथेचा रोख खाऱ्या पाण्याकडे व क्षेत्राच्या पावित्र्याकडे आहे. भूवैज्ञानिकांचा प्रश्न खळग्याच्या उत्पत्तीचा होता.

‘अंधश्रद्धेकडून विज्ञानाकडे’ हे सरळ रेषेतील आकलनही तितकेच अपुरे ठरते. ज्वालामुखीची कल्पना वैज्ञानिकच होती, तरीही ती त्याज्य ठरली. आणि आघाताचा सिद्धान्त मान्य झाल्यावरही मंदिरातील पूजा थांबलेली नाही.

म्हणूनच विचारांच्या इतिहासाला वाहिलेल्या विद्यापीठीय संशोधन केंद्रात भूविज्ञान, इतिहास, संस्कृत व मराठी या विभागांचे अभ्यासक एकत्र असणे आवश्यक आहे. अन्यथा पुराणाला विज्ञानाचे प्रमाणपत्र देणे किंवा त्याला अज्ञान ठरवणे, एवढेच दोन पर्याय वर्गात उरतात. आणि या दोन्हींत पुराणाचे वाचन मात्र राहून जाते.