अॅस्ट्रो बॉयला सर्कशीत कोणी विकलं?

‘जपानी लोकांना रोबो आवडतात, पाश्चात्त्यांना भीती वाटते.’ रोबोंवरचा कुठलाही लेख उघडा, हे वाक्य भेटतंच. पुरावेही ठरलेले. तिकडे कारेल चापेकचं ‘आर.यू.आर.’ (१९२०), ज्यात रोबो माणसांचा नायनाट करतात. इकडे ओसामु तेझुकाचा गोड, शूर ‘अॅस्ट्रो बॉय’ (१९५२). मग शिंतो धर्म, दगडातही देव वगैरे.

हे लिहिणाऱ्यांनी दोन्ही वाचलंय का, अशी मला शंका येते. अॅस्ट्रो बॉयच्या जन्मकथेत डॉ. तेनमाचा मुलगा अपघातात जातो. बाप हुबेहूब तसाच रोबो बनवतो आणि पोरगं वाढत नाही म्हणून चिडून त्याला सर्कशीला विकून टाकतो. याला प्रेम म्हणायचं? उलट चापेकचे रोबो म्हणजे राबवून घेतलेले मजूर. शब्दच मुळी चेक भाषेतल्या वेठबिगारीवरून आलाय. आणि नाटक संपतं ते दोन रोबो एकमेकांच्या प्रेमात पडतात तिथे.

२००७ मध्ये ख्रिस्तोफ बार्टनेक आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांची मतं तपासली, तेव्हाही जपानी काही खास रोबोप्रेमी निघाले नाहीत. समाजावर होणाऱ्या परिणामांची त्यांना काळजीच होती.

पण मग आयबोचं काय? सोनीनं हा रोबो-कुत्रा १९९९ मध्ये आणला, २००६ मध्ये बनवणं थांबवलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही. नंतर चिबातल्या कोफुकुजी देवळात त्यांच्यासाठी मंत्रपठण झालं. मग सुटे भाग काढून दुसऱ्या आयबोंना लावायचे. (देऊळ बौद्ध आहे, शिंतो नव्हे. असो.) जपानमध्ये जुन्या बाहुल्यांना, मोडक्या सुयांनाही असाच निरोप देतात. म्हणजे विधी आधीपासून तयार होता. संस्कृतीचा वाटा मला इथे दिसतो. माया मात्र पंधरा वर्षं सोबत राहिल्याची.

दसऱ्याला आमच्या ऑफिसात लॅपटॉपला हळदकुंकू, झेंडू. मीही वाहतो. तोच लॅपटॉप परत करताना माझे डोळे काही भरून आले नाहीत.

आधीच्या नोकरीत आम्ही एक बोलणारं अॅप बंद केलं. एका आजींचा मेल आला : रोज सकाळी बोलायची ती, आता कुठे गेली? आमच्याकडे त्यासाठी ठरलेला मजकूर होता. मी तो चिकटवला आणि तिकीट बंद केलं.