तारीख ठरली! पण सांगताय कोणाला?

मसुऱ्याच्या आंगणेवाडीतल्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. पारधीचा विधी होतो, देवीचा कौल घेतात आणि मग दिवस ठरतो. तो बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्यामुळे दरवर्षी या गावात एक नवी ओळ तयार होते: यंदाची जत्रा अमुक तारखेला. या एका ओळीवर मुंबईत रजेचे अर्ज पडतात, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटीचं नियोजन सुरू होतं आणि नेत्यांचे फलक लागतात.

ही ओळ पूर्वीपासून अनेक वाटांनी फिरत आलीय. पत्रातून गेली, गाववाल्यांच्या मंडळांतून गेली, वर्तमानपत्रात छापली गेली. मार्केटिंगवाले आज ज्याला ‘रीपर्पझिंग’ म्हणतात, ते हेच. एकदा तयार केलेला मजकूर वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा वापरायचा, एका व्हिडिओतून इन्स्टाची रील, यूट्यूबचा शॉर्ट, फेसबुकची पोस्ट आणि व्हॉट्सअॅपचं स्टेटस काढायचं. त्यात गैर काही नाही. पण मालवण किनाऱ्यावर हे काम सध्या ज्या पद्धतीने चाललंय, ते वाईट आहे. आणि त्याचं नुकसान अल्गोरिदमचं होत नाही, गावाचं होतं.

नेहमीची रील

तुम्ही ती पाहिलेली आहे. ड्रोन माडांवरून वर जातो. खाली खाडी. मग देवळाची रोषणाई, गर्दीचा स्लो मोशन, सोलकढीचा ग्लास, सुरमईची तुकडी, शेवटी सूर्यास्त. वर ट्रेंडिंग गाणं, खाली ‘स्वर्ग’ हा शब्द आणि पंधरा हॅशटॅग. तीच फाइल मग सगळीकडे जाते. फेसबुकवर हॅशटॅगसकट, यूट्यूबवर दुसऱ्या अॅपच्या शिक्क्यासकट, आणि व्हॉट्सअॅपवर इतकी दाबली जाऊन की देऊळ कुठलं तेही कळत नाही.

या रीलमध्ये काय नसतं ते बघा. तारीख नसते, किंवा असली तर वर्ष नसतं. जत्रा दीड दिवसाची असते हे नसतं. बस कुठून मिळेल, म्हाताऱ्या माणसाला रांगेत किती चालावं लागेल, यातलं काही नसतं. बहुतेक वेळा मसुरेही नसतं. ‘आंगणेवाडी’ हा शब्द पुरेसा चालतो म्हणून ती वाडी ज्या गावाची आहे ते नावच गळतं. मग भरतगडाचा व्हिडिओ वेगळ्या जागेचा वाटतो आणि जत्रेचा वेगळ्या. दोन्ही एकाच गावात आहेत हे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

सवय कुठून लागली

२९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली. दहा दिवसांच्या आत, ८ जुलैला, इन्स्टाने इथे रील्स सुरू केली. हजारो लोकांनी आपले जुने व्हिडिओ उचलून नव्या घरात आणून ठेवले. मेहनत वाया जाऊ नये म्हणून केलेली ती धडपड होती आणि ती समजण्यासारखी होती. पण तीच पुढे पद्धत बनली. फेब्रुवारी २०२१ मध्ये इन्स्टानेच सांगितलं की दुसऱ्या अॅपचा शिक्का दिसणारे व्हिडिओ आम्ही कमी लोकांना सुचवू. त्यावर उपाय म्हणून लोकांनी शिक्का पुसायला सुरुवात केली. व्हिडिओ कोणासाठी आहे हा प्रश्न तसाच राहिला.

या पद्धतीला आधार म्हणून एक मंत्र सांगितला जातो: एकदा बनवा, सगळीकडे टाका. त्याचं मूळ पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओसंस्थेने २००९ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांचा मुद्दा असा होता की मजकूर आणि त्याचं रूप वेगळं ठेवा. बातमीचा गाभा, लांब मथळा, छोटा मथळा, सारांश, चित्र, आवाज हे सगळं सुटं साठवा. म्हणजे वेबसाइटला, मोबाइलला आणि दुसऱ्या केंद्राला जे हवं ते त्यातून उचलता येईल. म्हणजे मूळ सल्ला ‘एकच फाइल सगळीकडे चिकटवा’ असा नव्हताच. गाभा एक ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तो नव्याने मांडा, असा होता. आपण त्यातलं ‘सगळीकडे टाका’ एवढंच घेतलं.

दशावतारी हे रोज करतात

यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपन्या जत्रांच्या हंगामात आज या गावात, उद्या त्या गावात नाटक करतात. आख्यान पुराणातलं आणि सगळ्यांना माहीत असलेलं. पण हातात लिहिलेली संहिता नसते. कोण कुठली भूमिका करणार, प्रसंग कुठल्या क्रमाने येणार हे ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभे राहतात. समोर कोण बसलंय, रात्र किती झालीय, लोक पेंगायला लागलेत की हसायला तयार आहेत, हे बघून नट बोलतो. एका गावात प्रसंग लांबतो, दुसऱ्या गावात तोच चार वाक्यांत संपतो. संकासुर मालवणीत टोमणे मारतो, ते त्या रात्रीच्या गावाला लागू पडतील असेच. उद्याच्या गावात तोच टोमणा तसाच मारला तर कोणी हसणार नाही, हे त्याला माहीत असतं.

मालवणचंच दुसरं उदाहरण म्हणजे जयंतराव साळगांवकरांचं ‘कालनिर्णय’. ते १९७३ मध्ये सुरू झालं. पंचांग हा तसा जाणकारांसाठीचा मजकूर. तो त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणला. पण पंचांगाची पानं तशीच फाडून टांगली नाहीत. चौकोन केले, अक्षर मोठं केलं, वेगवेगळ्या धर्मांचे सण एकत्र आणले, मागच्या बाजूला पाककृती आणि लेख दिले. पुढे वेगवेगळ्या भाषांत आवृत्त्या काढल्या. गणित तेच राहिलं आणि बाकी जवळजवळ सगळं वाचणाऱ्याप्रमाणे बदललं. गंमत अशी की या दिनदर्शिकेलासुद्धा शेजारच्या मसुऱ्यातल्या जत्रेची तारीख वर्षभर आधी छापता येणार नाही. ती गावातूनच यावी लागते.

‘एकटा माणूस काय काय करणार?’

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. तारकर्लीत दोन खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या बाईंकडे एजन्सी नसते. सकाळी घावणे, दुपारी जेवण, संध्याकाळी हिशोब. त्यातून एक व्हिडिओ झाला तरी पुष्कळ. त्यांनी चार ठिकाणांसाठी चार व्हिडिओ करावेत असं म्हणणं म्हणजे शहरी आगाऊपणा झाला.

पण बदल व्हिडिओत करायची गरजच नाही, तो ओळीत करायचा आहे. इन्स्टावर पुण्यातली अनोळखी मुलगी बघतेय. तिला जागा कुठे आहे आणि खर्च किती, हे सांगा. व्हॉट्सअॅप स्टेटस नातेवाईक आणि जुने पाहुणे बघतात. त्यांना जाहिरातीची गरज नाही. ‘जत्रेक तुमी कधी येतलास?’ एवढं विचारलं तरी पुरे. गूगल मॅपवर आलेला माणूस महामार्गापर्यंत पोचलेला असतो. त्याला सूर्यास्त नको, फाटा कुठला ते हवंय. चित्र तेच ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी एक ओळ बदला. याला दहा मिनिटं लागतात.

काय गळतं, हा खरा प्रश्न

मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे गेला की त्यातलं काहीतरी गळतंच. पत्राची जाहिरात झाली, जाहिरातीचा फॉरवर्ड झाला, तर दर टप्प्यावर काटछाट होणारच. चांगलं काम करणारा काय गळू द्यायचं ते ठरवतो. वाईट काम करणाऱ्याच्या हातून ते आपोआप गळतं, आणि आपोआप गळताना नेमकं कामाचंच आधी जातं.

२०२१ मध्ये हे स्पष्ट दिसलं. कोरोनामुळे त्या वर्षीची जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरती ठेवली होती आणि बाहेरच्यांनी येऊ नये असं सांगितलं होतं. त्या वर्षीच्या मजकुरात दोन ओळी होत्या: तारीख आणि ‘येऊ नका’. दुसरी ओळ गळून पहिली पुढे गेली असती, तर आमंत्रण झालं असतं. व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात एकावेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली ती अफवांमुळे. पण अर्धवट खरा मजकूरही तेवढाच धोकादायक असतो.

आणि काही गोष्टी प्रत्येक ठिकाणी नेण्यासारख्या नसतातच. जत्रेच्या दिवशी आंगणेवाडीतल्या बायका देवीचा प्रसाद मौन पाळून शिजवतात. रील आवाजावर चालते. त्या दृश्यावर ट्रेंडिंग गाणं चढवलं की चित्र खरं राहतं आणि त्यातली गोष्ट खोटी होते. तिथे पुन्हा वापरण्यासारखं काही नाही. ते तिथेच राहू द्यावं, किंवा दाखवायचंच असेल तर गाण्याशिवाय दाखवावं आणि त्या का बोलत नाहीत हे एका ओळीत लिहावं.

पुढच्या वेळी कौल लागेल आणि तारीख तुमच्या फोनवर येईल, तेव्हा ती पुढे पाठवायला हरकत नाही. फक्त त्यात वर्ष घाला, ‘मसुरे, ता. मालवण’ लिहा, आणि ज्याला पाठवताय त्याला कामाची एक ओळ स्वतः जोडा. गिरगावातल्या आत्याला गाडीचा नंबर आणि पुण्यातल्या मैत्रिणीला रांगेचा अंदाज. ड्रोन नाही मिळाला तरी चालेल.