तिवईची उपमा कितपत खरी?

कारखान्याने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे प्रोसेसरचा वेग वाढवणे, म्हणजे ‘ओव्हरक्लॉकिंग’, हा विषय आता शाळेतल्या मुलांपर्यंत पोचला आहे. त्यावरची माहिती बहुधा एकाच उपमेने समजावली जाते. वेग, व्होल्टेज आणि तापमान हे तिवईचे तीन पाय. तिघांचा तोल सांभाळला की झाले! उपमा सुटसुटीत आहे, फळ्यावर काढायलाही सोपी. पण तिच्यामुळे मुलांच्या मनात चुकीचे भौतिकशास्त्र बसते, असे माझे मत आहे.

या छंदातले सर्वांत गाजलेले उदाहरण घेऊ. १९९८ साली इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. हा आकडा एका गुणाकारातून येई : मदरबोर्डवरच्या बसचे सुमारे ६६.७ मेगाहर्ट्झ गुणिले ४.५. यातला ४.५ हा गुणक प्रोसेसरमध्ये कायमचा ठरवून टाकलेला होता. बस मात्र १०० मेगाहर्ट्झवर नेता येई, आणि मग गुणाकार होई ४५०. पुष्कळ प्रोसेसर हा दीडपट वेग मूळच्या २ व्होल्टवरच पेलत. काहींना थोडे अधिक व्होल्टेज द्यावे लागे. त्या वेळचा ४५० मेगाहर्ट्झचा ‘पेंटियम टू’ कितीतरी महाग होता. साहजिकच ‘फुकटचा वेग’ म्हणून या प्रकाराचा बोलबाला झाला.

तो फुकटचा नव्हता, आधीच चिपमध्ये असलेला होता. दोन्ही प्रोसेसर २५० नॅनोमीटरच्या तंत्रानेच घडवलेले होते. स्वस्त मालावर कमी वेगाचा शिक्का मारला होता, इतकेच. हे लक्षात न घेता ‘तोल साधला की दीडपट वेग मिळतो’ असा नियम काढणे म्हणजे एका लॉटरीवरून अर्थशास्त्र शिकवण्यासारखे आहे.

आता तिवईकडे वळू. तिवईचे पाय एकमेकांपासून स्वतंत्र असतात. इथे तसे नाही. चिपमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर आपल्या पुढच्याचे एक सूक्ष्म धारित्र भारित करतो. हे भारण पुढचा ठोका पडायच्या आत पुरे व्हायला हवे. ४५० मेगाहर्ट्झला दोन ठोक्यांत सुमारे २.२ नॅनोसेकंद मिळतात. आजच्या ५ गिगाहर्ट्झला फक्त ०.२, म्हणजे तेवढ्यात प्रकाशसुद्धा निर्वात जागेत ६ सेंटीमीटरच जातो. व्होल्टेज वाढवले की प्रवाह वाढतो, भारण लवकर होते आणि जास्त वेग पेलतो. म्हणजे वेग ही आपली मागणी आणि व्होल्टेज ही तिची किंमत. तापमान हा तिसरा पाय नव्हेच, तो या व्यवहाराचा परिणाम आहे.

किंमत किती, ते वर्गात सहज काढता येईल. ठोक्यागणिक खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. वेग दीडपट केला आणि व्होल्टेज २ वरून २.२ केले, तर १.५ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.८ पट उष्णता. समजा, पूर्वी प्रोसेसर खोक्यातल्या हवेपेक्षा ३० अंशांनी गरम होत असे. तोच पंखा ठेवला तर आता तो ५४ अंशांनी गरम होईल. मार्गदर्शक लेखांतले तापमानाचे आकडे बहुधा २० अंशांच्या खोलीतले असतात; तिथे बेरीज ७४ येते. मे महिन्यातल्या नागपुरात खोक्यातली हवाच ४२ अंशांची असेल, तर बेरीज ९६! असे आकडे जसेच्या तसे उचलणाऱ्या आपल्याकडच्या लेखकांचे मला नवल वाटते.

गोष्ट इथेच थांबत नाही. तापलेल्या तारांचा रोध वाढतो, ट्रान्झिस्टर सहसा मंदावतात. व्होल्टेज देऊन विकत घेतलेला वेग उष्णता थोडाफार परत घेते. शिवाय बंद ट्रान्झिस्टरमधून होणारी विजेची गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, आणि गळती म्हणजे पुन्हा उष्णता. हे चक्र आहे. उलट दिशेचे गणित मात्र सुखद आहे : वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी करता आले, तर ही शक्ती १९ टक्के वाचते. पण त्याचा बोलबाला होत नाही.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. ‘यंत्र बंद पडले नाही, म्हणजे तोल साधला’ हा निष्कर्ष. विद्यार्थिदशेत मी एका वेग वाढवलेल्या संगणकावर रात्रभर एक गणित चालवले होते. यंत्र एकदाही अडखळले नाही. तेच गणित पुन्हा चालवले, तर उत्तर चौथ्या अंकापासून वेगळे! दोन आठवड्यांचे काम मी मुकाट्याने पुन्हा केले. ठोक्याच्या आत एखादा अंक पोचला नाही, तर प्रोसेसर थांबतोच असे नाही. तो चुकीचे उत्तर बिनबोभाट देतो.

यावर छंदिष्टांनीच शोधलेला उपाय मला फार आवडतो. १९९६ साली सुरू झालेल्या, मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पाची ‘प्राइम९५’ ही आज्ञावली ते वापरतात. तिच्यात उत्तरे आधीच ठाऊक असलेली प्रचंड गुणाकारांची गणिते प्रोसेसरला घालतात आणि ताळा पाहतात. या चाचणीत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते, त्यामुळे एक चूक पुढचे सारे बिघडवते. तरीही जानेवारीच्या रात्री पास झालेला प्रोसेसर मेच्या दुपारी पास होईल, याची हमी ती देत नाही.

आणि वर्षांनंतर? तिवईत काळाला जागाच नाही. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत ‘टर्बो बूस्ट’ आले, म्हणजे पूर्वी छंदिष्टांच्या वाट्याला येणारी राखीव जागा उत्पादकच वापरू लागला. २०२४ साली तेराव्या व चौदाव्या पिढीतले इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर, मालकाने काहीही न बदलता, कोसळू लागले. काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. जास्त व्होल्टेज आणि तापमान यांमुळे, ठोके पोचवणारा परिपथच अकाली झिजत होता, असे कंपनीने त्या वर्षी जाहीर केले. तिने मायक्रोकोड सुधारला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेल्या प्रोसेसरांना त्या सुधारणेचा उपयोग नव्हता. ते बदलूनच घ्यावे लागले.