गस्त आणि गोष्टीची सुरुवात

क्लॉडिया रँकिन यांचे ‘सिटिझन’ (२०१४) हे पुस्तक ट्रेव्हॉन मार्टिनच्या स्मृतीशी असे जोडले गेले आहे की, मुखपृष्ठावरचे कापलेले हूड त्याच्याच स्वेटशर्टचे वाटावे. प्रत्यक्षात ती डेव्हिड हॅमन्स यांची १९९३ची कलाकृती. मार्टिनच्या मृत्यूच्या १९ वर्षे आधीची. हे ‘आधीचे’ हिशेबात धरायचे की नाही, हाच खरा वाद आहे.

२६ फेब्रुवारी २०१२. फ्लोरिडातील सॅनफर्डमधल्या एका कुंपणबंद वसाहतीत १७ वर्षांचा निःशस्त्र मार्टिन दुकानातून खाऊ घेऊन परतत होता. रहिवाशांच्या गस्तीचा प्रमुख जॉर्ज झिमरमन याला त्याचा संशय आला. त्याने पोलिसांना फोन लावला आणि तो गाडीतून उतरला. मागे जाण्याची गरज नाही, असे त्याला फोनवर सांगण्यात आले. पुढे झटापट झाली आणि त्याने गोळी झाडली. जुलै २०१३मध्ये सहा स्त्रियांच्या ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. कुरापत आधी कोणी काढली याचा विचार करण्याची सूचना ज्यूरीला द्यावी, ही सरकार पक्षाची मागणी न्यायाधीशांनी मान्य केली नव्हती. कोणाच्या मागे चालत जाणे हा काही गुन्हा नव्हे, हा बचाव कायद्याला धरून होता. पण त्यामुळे न्यायालयातली गोष्ट झटापटीपासून सुरू झाली. गाडीचे दार उघडले तो क्षण प्रस्तावनेत गेला.

रँकिन नेमकी ही प्रस्तावना लिहितात. पुस्तकाच्या पहिल्याच भागात एक शेजारी फोन करतो: घरासमोर एक भीतिदायक काळा माणूस घुटमळतो आहे. तो असतो मुलाला सांभाळायला आलेला मित्र, या शेजाऱ्याने पूर्वी पाहिलेला. पोलीस येऊन जातात, शेजारी माफी मागतो. मग घरमालकीणच ओशाळून मित्राला सुचवते की, पुढच्या वेळी फोनवर बोलायला मागच्या अंगणात जा. तो तिच्याकडे बराच वेळ बघतो आणि म्हणतो, मी हवे तिथे बोलेन. इथे गोळी सुटत नाही, कोणी दुष्टही नाही. तरी सॅनफर्डचे सगळे सामान इथे जमलेले आहे. माझ्या मते पुस्तकातले हेच पान सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. मार्टिनच्या स्मृत्यर्थ लिहिलेला मजकूर त्यापुढे फिका पडतो. तिथे शोक आहे, पण पहारेकरी दिसत नाही आणि त्याच्या जबाबदारीचा प्रश्न शोकात विरघळतो.

या पानाची ताकद इंग्रजी ‘यू’मध्ये आहे. मी वर सहज ‘घरमालकीण’ लिहिले. मूळात ती बाई की पुरुष, हे ‘यू’ कळू देत नाही. मराठीत ‘तू म्हणालीस’ की ‘तू म्हणालास’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. अंगणात जा म्हणणारी व्यक्ती मग कोणीतरी दुसरी ठरते आणि वाचक सुटतो. अनुवादकाने इथे वर्तमानकाळ धरावा: ‘तू म्हणतेस’ही नको, ‘तुम्ही म्हणता’.