भात पाहुणा, नारळही पाहुणा

सोलापूर हा ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याची मालदांडी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी या तिघींवर इथलं पान उभं असतं. भाताला जागा शेवटच्या दोन घासांपुरती. नारळ तर दक्षिणेतून पोत्यांनी यायचा. समुद्र अडीच-तीनशे किलोमीटर लांब, तरी श्रावणात नारळी पौर्णिमेला इथल्या घरांत नारळीभात शिजतो आणि माझ्या मते तो किनाऱ्यावरच्या भातापेक्षा पुष्कळदा नेटका उतरतो. कोकणात नारळ हाताशी असतो, म्हणून हात सैल पडतो. इथे एका वाटी तांदळाला एक वाटी नारळाचा चव मोजून घेतला जातो. खोवणारी बाई खोबऱ्याची तपकिरी पाठ दिसू लागली की खवणी थांबवते. त्या पाठीचा कणभर जरी अंश आला तरी भाताचा रंग मळतो आणि जिभेला मागाहून तुरटपणा जाणवतो.

तांदळापासूनच पाहू. हल्ली लांब दाण्याची बासमती वापरायची पद्धत पडली आहे. ताटात ती देखणी दिसते, पण गूळ तिला मानवत नाही, दाणा नुसता गोड होतो, मुरत नाही. आंबेमोहोर आखूड, किंचित चिकट आणि जन्मजात सुगंधी. मुळशीकडचा मिळाला तर काही विचारायलाच नको. मलेशियातल्या नासी लमाक या नारळाच्या भातात पांदान नावाच्या झाडाचं लांबट पान गाठ मारून टाकतात. त्या पानात आणि आंबेमोहोरात वास देणारं मूळ द्रव्य एकच आहे. तिथली सुगरण जो दरवळ पानातून उसना घेते, तो आपल्याकडे दाण्यातच भरलेला असतो. एवढं कळल्यावर नारळीभातात वेलदोड्याची मूठ सोडणाऱ्यांची कीव येते. वेलची चिमूटभर पुरे, तीही शेवटी.

धुतलेला तांदूळ अर्धा तास निथळत ठेवतात. मग तुपात चार लवंगा. इथे पातेल्यावरून नजर हलवू नये: लवंग फुगून तिची टोपी सुटू लागली की लगेच तांदूळ पडला पाहिजे, क्षणभर उशीर झाला तर ती कडवट होते. गोडाच्या पदार्थात लवंग कशाला, असं नवख्याला वाटतं. पण गूळ आणि खोबरं दोन्ही जिभेवर रेंगाळणारे. लवंगेचा तिखट झणका मध्ये आला नाही, तर चौथ्या घासाला माणूस थांबेल. मीठही हवंच, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं. ते आहे हे कळता कामा नये आणि नसलं तर मात्र कळलं पाहिजे.

खरी कसोटी गुळाच्या वेळेला. गूळ दाण्याला पाणी पिऊ देत नाही. भात कच्चट असताना घातला तर दाणा तिथेच वाठरतो, मग कितीही वाफ द्या, तो मऊ होत नाही. म्हणून भात आधी पूर्ण शिजवायचा, पण मोकळा, आणि परातीत पसरून वाफ दवडायची. मग चव आणि बारीक चिरलेला साधा गूळ (चिकीचा नव्हे, तो ताणतो) एकत्र करून भातात हलक्या हाताने मिसळायचा. यानंतर जे होतं त्याने धीर सुटतो: गूळ विरघळतो, पाणी सुटतं आणि मोकळा भात एकदम सैल, जवळजवळ पातळ दिसू लागतो. अननुभवी माणूस आच वाढवतो. जाणती बाई पातेल्याखाली तवा सरकवते, झाकण ठेवते आणि दुसऱ्या कामाला लागते. पंधरा-वीस मिनिटांत तो पाक दाण्यात परततो, कडेने तूप सुटतं, प्रत्येक शीत वेगळं आणि काचेसारखं चमकतं. केशर, काजू, बेदाणे यांचं कौतुक लोक करतात, करोत बापडे. माझी दाद त्या झाकणाखाली न ढवळलेल्या मिनिटांना.

नारळ भातात उतरवण्याचे मार्ग दोन. मलेशियातला भात नारळाच्या दुधातच शिजतो. दुधाची स्निग्धता दाण्याला सर्वांगी माखते, पण नारळ दाताखाली सापडत नाही. आपल्याकडेही काही घरांत दूध वापरतात, तो भात मुलायम होतो हे खरं. तरी मी चवाच्या बाजूचा. मऊ शितात मधूनच लागणारा खोबऱ्याचा करकरीत कण दुधाच्या भातात कुठून मिळणार?

आता खायचा कुठे? हॉटेलात शोधू नका. तिथे गूळ वाचवून साखर आणि पिवळा रंग घालतात. नारळी पौर्णिमेला सोलापुरात तेलुगू पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव असतो, पूर्व भागातले रस्ते माणसांनी फुललेले असतात. ओळखीच्या मराठी घरी दुपारचं पान गाठावं आणि एखाद्या तेलुगू घराशी स्नेह असेल तर कधीतरी कोब्बरी अन्नम करायला सांगावं. हा नारळाचाच भात, पण तिखटमिठाचा. फोडणीत मोहरी, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, सुकी मिरची, कढीपत्ता. खोबरं त्यात वास सुटेपर्यंतच परतायचं, रंग बदलू द्यायचा नाही. भात निववूनच मिसळतात, कारण गरम भाताच्या वाफेने डाळी मऊ पडतात आणि त्यांचा कुरकुरीतपणा हाच तर या भाताचा ताल आहे. त्यामुळे तो वाढल्यावर गप्पा मारत बसू नये.

कोब्बरी अन्नमला तोंडीलावणं लागत नाही, असं करणारे सांगतात. मी मात्र पानाच्या कडेला शेंगाचटणी घेतो आणि यजमानांच्या भुवयांकडे काणाडोळा करतो. नासी लमाकही मिरचीचा झणझणीत सांबाल आणि तळलेले शेंगदाणे सोबत घेऊनच केळीच्या पानावर येतो. जोडीला वाळवलेली तळलेली मासळी, काकडीच्या चकत्या आणि अंडं. मासळी नि अंडं वगळलं, तर बाकीचं सगळं सोलापूरच्या कोणत्याही स्वयंपाकघरात आजही तयार आहे.