‘गीता प्रवचने’ : दृष्टांत आणि साधना

मराठीतील गीताचिंतनाची परंपरा दीर्घ असली, तरी तिच्यात तीन ग्रंथांचे स्थान विशेष मानले जाते. इ. स. 1290 मध्ये नेवाशास पूर्ण झालेली ‘ज्ञानेश्वरी’ श्रोत्यांच्या सभेत उमलली. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ 1910-11 मध्ये मंडालेच्या कारागृहात एकांतात लिहिले गेले आणि 1915 साली प्रसिद्ध झाले. विनोबा भावे यांची ‘गीता प्रवचने’ही कारागृहातलीच, पण तेथे पुन्हा श्रोता आला आणि ग्रंथाला बोलण्याची लय मिळाली. सिद्धांताचा व्याप आणि खंडनमंडनाची शिस्त यांत ‘गीतारहस्या’शी या पुस्तकाची तुलना होऊ शकत नाही. त्याचे सामर्थ्य वेगळ्या ठिकाणी आहे. शास्त्रवचन माणसाच्या रोजच्या दिवसात कसे उतरते, हा त्याचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर ते युक्तिवादापेक्षा दृष्टांतातून अधिक देते. म्हणून या पुस्तकाचे मूल्यमापन त्याच्या दृष्टांतांवरूनच करणे न्याय्य ठरेल.

21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात धुळे येथील तुरुंगात, दर रविवारी एक याप्रमाणे ही अठरा प्रवचने झाली. श्रोते सत्याग्रही राजबंदी होते. प्रवचने लिहून घेणारे साने गुरुजीही त्यांच्यातलेच एक. ही परिस्थिती केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून बाजूला सारण्याजोगी नाही. बंदिवानाचे उठणे, राबणे, जेवणे, निजणे सारे दुसऱ्याच्या हुकमाने चालते. संयम तेथे उपदेशाची वाट पाहत नाही; तो भिंतींच्या रूपाने आधीच उभा असतो. अशा जागी आत्मसंयमनावर बोलायचे, तर लादलेला नियम आणि आपणहून स्वीकारलेला नियम यांतला भेद स्पष्ट करावाच लागतो. या पुस्तकातील विवेचनाच्या मुळाशी हा भेद आहे आणि त्याला विनोबांनी दिलेले नाव आहे ‘विकर्म’.

गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म, विकर्म आणि अकर्म अशी त्रयी येते. शांकरभाष्यात विकर्माचा अर्थ निषिद्ध कर्म असा आहे. ज्ञानेश्वरांनी त्या जागी वर्णाश्रमास उचित अशा विशेष कर्माचा निर्देश केला आणि निषिद्धाचा विचार वेगळा ठेवला. विनोबा ‘विशेष कर्म’ हाच धागा उचलतात, पण त्याला आतल्या बाजूस वळवतात. बाहेरच्या स्वधर्मरूप कर्माला जोड देणारे मनाचे कर्म, म्हणजे विकर्म. दोन्ही जुळली की कर्माचा भार उरत नाही, तेच अकर्म. भाष्यकाराच्या काटेकोरपणाने पाहणाऱ्याला हा अर्थ ओढून आणलेला वाटेल. परंतु साधनेच्या दृष्टीने त्यामुळे एक मोठी सोय झाली. निषेधाच्या यादीतला एक शब्द सामान्य माणसाच्या हाती साधन म्हणून आला.

हे साधन समजावणारे दृष्टांत बहुतेक हाताच्या कामातून आलेले आहेत. मोठे लाकूड पेटते आणि शेवटी मूठभर हलकी राख उरते, तसे विकर्माने पेटलेले कर्म हलके होते. महादेवाच्या पिंडीवर पाण्याची धार धरताना मनातही चिंतनाची धार अखंड असली, तरच तो अभिषेक. एरवी एका दगडावर पाणी पडते, इतकेच. पाचव्या अध्यायातील सूर्याला आपण अंधार दूर करतो याची वार्ताही नसते. दहाव्या अध्यायात मुलाच्या अक्षरओळखीचा दाखला येतो. आधी मोठी, सोपी अक्षरे गिरवावीत, मग जोडाक्षरे. परमेश्वरही आधी रामासारख्या सरळ रूपात ओळखावा, मग रावणासारख्या अवघड रूपात. या दृष्टांतांना अलंकार म्हणणे पुरेसे होणार नाही. ते काढून घेतले, तर विधान शिल्लक राहील, पण आचरणाची युक्ती नाहीशी होईल. श्रोत्याने घरी, शेतात किंवा कोठडीत काय करून पाहायचे, ते दृष्टांतातच सांगितलेले असते.

आत्मविकासाचा येथील कार्यक्रमही असाच बेताचा आहे. सहाव्या अध्यायाच्या विवेचनात चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि समदृष्टी यांची सांगड घातली आहे. परिमितता म्हणजे आहार, निद्रा, बोलणे, पाहणे यांना मोजमाप असणे. योगाभ्यासाभोवतीचे गूढतेचे वलय या एका शब्दाने विरते. चौदाव्या अध्यायात तमोगुणावर उपाय म्हणून शरीरश्रम सांगितले आहेत. सतराव्यात सृष्टी, समाज आणि शरीर या तीन संस्थांची झीज भरून काढण्याचे मार्ग म्हणून अनुक्रमे यज्ञ, दान आणि तप यांची मांडणी होते. मोक्षाची भाषा अशा प्रकारे हिशेबाच्या आणि दुरुस्तीच्या भाषेजवळ येते. वाक्ये लहान, प्रश्न थेट, पुनरुक्तीची लाज नाही. बोलण्याचा हा बाज कागदावर टिकला, याचे श्रेय लेखनिकाला द्यावे लागेल. त्याच साने गुरुजींनी पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिची रचनाही एकेका रात्री सांगितलेल्या गोष्टींची आहे आणि घरातल्या लहानशा प्रसंगातून तेथेही शील घडते. प्रभाव सिद्ध करण्याचा आग्रह न धरताही दोन ग्रंथांतील हे नाते वाचकाच्या लक्षात येते.

तथापि या पुस्तकातील सर्वच दृष्टांत कामातून आलेले नाहीत. स्वधर्माचे विवेचन करताना विनोबा आईची उपमा योजतात. आई निवडता येत नाही, तसा स्वधर्मही निवडावा लागत नाही. तो जन्माबरोबर प्राप्त होतो. उपमा हृद्य आहे, आणि तिचा धोकाही त्या हृद्यतेत आहे. ज्याच्या वाट्याला जन्माबरोबर झाडू आला, त्याने काय समजावे? या प्रवचनांपूर्वी सुमारे चारच वर्षे, 25 डिसेंबर 1927 रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. जन्मसिद्ध कर्तव्याच्या कल्पनेला याच भाषेच्या समाजातून इतके उघड आव्हान मिळालेले असताना, आईच्या उपमेने तो प्रश्न शांतवता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेकडे चातुर्वर्ण्याचे तात्त्विक समर्थन करणारा ग्रंथ म्हणून पाहिले. त्यांचे हे लेखन त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाले. ते वाचलेल्या आजच्या अभ्यासकाला ‘गीता प्रवचने’तील स्वधर्मविचार पूर्वीइतक्या निःशंकपणे स्वीकारता येणार नाही.

विनोबांच्या आचरणाचा दाखला येथे दिला जातो. 1946 नंतरच्या काळात पवनारजवळच्या सुरगावात ते खांद्यावर फावडे घेऊन रोज सफाईसाठी जात. या कृतीची थोरवी मान्य करूनही एक अंतर राहतेच. निवडून हाती घेतलेले फावडे आणि जन्माने हाती दिलेला झाडू यांचे वजन सारखे नसते. पहिल्यात मन आधीच जोडलेले असते. दुसऱ्यात ते जोडावे अशी अपेक्षा केली जाते, आणि ती अपेक्षा बहुधा ज्याच्या हाती झाडू नाही त्याची असते.

मात्र या आक्षेपाचे उत्तर शोधण्याची सामग्रीही याच पुस्तकात आहे. विकर्माची कसोटी विनोबांच्याच स्वधर्मविचाराला लावून पाहिली, तर निष्पन्न होते ते असे : मनाची अनुमती नसलेले कर्म कितीही बिनबोभाट पार पडले तरी अकर्म होत नाही, त्याचा भार राहतो. तो भार सोसत राहण्याला संयम म्हणता येणार नाही. धुळ्याच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. सरकारची अवज्ञा करूनच ते त्या रविवारच्या सभेत येऊन बसले होते. लादलेला नियम मोडणे आणि स्वतःचा नियम पाळणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या. पुढे तुरुंगाची ही चौकट मागे पडली, पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेले, 1951 पासूनच्या भूदानयात्रेबरोबर गावोगाव पोचले आणि नित्यपठनाचा ग्रंथ झाले. या प्रवासात संयमाची बाजू ठळक झाली आणि अवज्ञेची बाजू फिकी पडली. ‘गीता प्रवचने’चे पुनर्वाचन करताना ती दुसरी बाजू परत जागी ठेवली, तर आईचा दृष्टांत अपुरा ठरतो आणि पेटत्या लाकडाचा दृष्टांत अधिक खरा वाटू लागतो. लाकूड आपोआप हलके होत नाही. ते आधी पेटावे लागते.