क्लेची उत्तरकालीन रेषा : लक्षण की चिन्ह?

पाउल क्ले (१८७९–१९४०) या चित्रकाराच्या अखेरच्या पाच वर्षांतील चित्रांविषयी एक मत दीर्घकाळ रूढ आहे. १९३५ मध्ये त्याला दुर्धर व्याधी जडली. ती स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वक्काठिण्य, असावी असे त्याच्या मृत्यूनंतर अनुमानिले गेले. या व्याधीत बोटे ताठरतात. सबब उत्तरकालीन चित्रांतील जाड, काळी, तुटक रेषा हे ताठरलेल्या बोटांचे कार्य होय, असे हे मत. वरवर पाहता ते सयुक्तिक वाटते. तथापि त्यामागे कलाकृतीकडे पाहण्याची जी दृष्टी गृहीत धरलेली आहे, ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मराठीतील ‘लक्षण’ हा शब्द वैद्यकात रोगाची खूण दर्शवितो. ही खूण रोग्याच्या इच्छेने उमटत नाही. ती कारणाचे कार्य असते. चिन्ह मात्र कोणीतरी, कोणासाठी तरी, हेतुपूर्वक योजिलेले असते. रूढ मत चित्रातील चिन्हाला रोगाचे लक्षण ठरविते, आणि मग समीक्षेच्या जागी निदान येते.

हे अनुमान न्यायशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही. धुरावरून अग्नी सिद्ध होतो तो दोहोंमध्ये व्याप्ती आहे म्हणून. जाड रेषा व व्याधी यांच्यात अशी व्याप्ती आहे काय? १९३३ मध्ये नाझी राजवटीने क्लेला ड्युसेलडॉर्फ येथील अध्यापनातून दूर केले. त्याच वर्षीच्या ‘यादीतून खोडलेला’ या चित्रात मस्तकावर जाड काळी फुली आहे. त्या वेळी व्याधी नव्हती. म्हणजे हेतू सव्यभिचार ठरतो. उलटपक्षी, १९३९ मधील ‘विसराळू देवदूत’ हे पेन्सिलीचे रेखाटन पाहावे. व्याधी त्या वेळी विकोपास गेली होती, पण रेषा बारीक व अखंड वाहती आहे. ज्या हाताला अशी रेषा साधते, त्या हाताची जाड रेषा ही निवड होय, नाइलाज नव्हे. स्विस त्वचारोगतज्ज्ञ हान्स सूटर यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात क्लेचे हात या व्याधीतून वाचले असावेत, असाच निष्कर्ष काढला आहे.

मग व्याधीचा या कलेशी काहीच संबंध नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकास जाणे होईल. क्लेच्या निर्मितीचे आकडेच बोलके आहेत. १९३६ मध्ये त्याच्या हातून अवघ्या २५ कृती झाल्या. १९३७ मध्ये २६४, १९३८ मध्ये ४८९, आणि १९३९ मध्ये बाराशेहून अधिक. या काळात त्याला गिळणे कठीण झाले होते आणि थकवा पाठ सोडीत नव्हता. व्याधीने त्याच्या दिवसाचे माप बदलले. परंतु त्या मापात काय बसवावयाचे, हे त्याने ठरविले.

१९३५ मधील एका चित्राचे शीर्षक ‘गेत्साइखनेटर’ असे आहे. या जर्मन शब्दाचे दोन अर्थ होतात : रेखाटलेला, आणि दैवाने किंवा दुःखाने खूण केलेला. चित्रातील मुद्रेवर काळ्या रेषा आडव्यातिडव्या गेल्या आहेत. ‘खूण केलेला’ हा अर्थ लक्षणाचा, तर ‘रेखाटलेला’ हा चिन्हाचा. क्लेने दोन्ही एका शब्दात ठेवले, आणि त्यामुळे भोग्य वस्तू कर्त्याच्या स्वाधीन झाली. १९४० च्या ‘मृत्यू आणि अग्नी’ या चित्रात हीच प्रक्रिया पूर्णत्वास जाते. तेथील पांढऱ्या मुद्रेच्या रेषांतून ‘टोड’, म्हणजे मृत्यू, या जर्मन शब्दाची अक्षरे वाचता येतात. रोग अक्षरे लिहीत नाही. अक्षर हे संकेताने सिद्ध होते, आणि संकेत योजणारा मनुष्यच असतो.

या विवेचनाचे महत्त्व चित्रकलेपुरते मर्यादित नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते, अशा व्याधींचे स्वरूप शास्त्राला १९५० नंतरच्या दशकांत उमगत गेले. आपल्या दुखण्याची ही उपपत्ती क्लेला हयातीत कळणे शक्यच नव्हते. आज निदान होते. पण वाचनातील प्रमाद तसाच राहिला आहे. त्वक्काठिण्यात चेहऱ्याची कातडी आवळते, तोंड लहान होते, हास्य पूर्ण उमटत नाही. पाहणारा त्यावरून मनुष्य तुसडा झाला असे समजतो. ल्युपसच्या रोग्याचा अनुभव पुष्कळदा याच्या उलट असतो. त्याची मुद्रा निरोगी दिसते, म्हणून त्याच्या थकव्यावर घरचेही विश्वास ठेवीत नाहीत. एका ठिकाणी लक्षणाला चिन्ह मानले जाते, दुसऱ्या ठिकाणी लक्षण दिसत नाही म्हणून शब्दही खोटा ठरतो. दोहोंतही रोगी जे सांगतो ते वाचलेच जात नाही.

‘व्याधीमुळे’ आणि ‘व्याधी असूनही’ हे दोन्ही शब्दप्रयोग समीक्षकाला मोहविणारे आहेत. पहिला कर्त्याचे कर्तृत्व हिरावून घेतो. दुसरा त्याला वीरपुरुष करून त्याच्या रोजच्या कष्टांवर पांघरूण घालतो. क्लेची अखेरची चित्रे या दोहोंपलीकडची आहेत. व्याधी त्यांत कारण म्हणून नव्हे, तर विषय म्हणून येते. आणि विषयाची निवड हा कर्त्याचा अधिकार असतो. दीर्घव्याधिग्रस्ताच्या कोणत्याही लेखनाकडे वा चित्राकडे वळताना अभ्यासकाने प्रथम हा अधिकार मान्य केला पाहिजे.